आठ किलो आणि काळ्या द्राक्षाचा रंग

पत्राचा सारांश: नाशिकच्या गंगापूर रोड परिसरात राहणाऱ्या एका वाचक भगिनींचे हे पत्र आहे. वय ४१, बँकेत नोकरी, माहेर दिंडोरी तालुक्यात. सहा वर्षांपासून त्या नियमित सायकल चालवतात. त्यांचे स्वतःचे वजन ६४ किलो आणि सध्याच्या हायब्रिड सायकलीचे १३ किलो. या सायकलीचा सर्वांत हलका गिअर पुढे ३८ आणि मागे ३२ दात्यांचा आहे. दर रविवारी गटाबरोबर त्र्यंबकेश्वर, पहिने, कधी घोटीपर्यंत जाणे होते. आता डांबरी रस्ता सोडून धरणांच्या कडेने, कालव्याकाठच्या आणि शिवारातल्या मुरमाच्या रस्त्यांनी फिरावे असे त्यांना वाटू लागले आहे. त्यासाठी भिशी आणि बचत मिळून सव्वादोन लाख रुपये त्यांनी बाजूला काढले आहेत. तयार सायकल न घेता एकेक भाग निवडून ग्रेव्हल बाइक जुळवायची, तिचे वजन ८ किलोच्या आत ठेवायचे आणि तिला मनासारखा रंग द्यायचा, असा त्यांचा बेत आहे. वजनाचा आग्रह अशासाठी, की नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाणाऱ्या घाटात त्या नेहमी शेवटी राहतात. ओळखीतले एक गृहस्थ जुनी कार्बन फ्रेम ५५ हजारांत द्यायला तयार आहेत. तिचे बिल नाही आणि बॉटम ब्रॅकेटजवळ, म्हणजे पायडलचा आस फ्रेममध्ये बसतो त्या जागेजवळ, एक ओरखडा आहे, पण "रंग मारला की दिसणार नाही," असे ते म्हणतात. यजमान म्हणतात, "एवढ्या पैशांत चांगली स्कूटर येईल." पत्रासोबत प्रत्येक भागाच्या वजनाचा तक्ता आहे आणि शेवटी या ओळी आहेत: "रंग मला पिकलेल्या काळ्या द्राक्षासारखा हवा आहे, वरच्या त्या धुरकट सायीसकट. कृपया हसू नका. हा बेत शहाणपणाचा आहे का, एवढे सांगा."

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात वजनच वजन दिसले. तुमच्या तक्त्यात तर बाटलीच्या स्टँडच्या दोन स्क्रूंचेही ग्रॅम मांडलेले आहेत. रंगाचा विषय मात्र अगदी शेवटी आला आणि तोही हसू नका अशी विनंती करून. दुसऱ्या वाचनात मला असे वाटले, की या पत्रातली खरी ओढ त्या शेवटच्या ओळींत आहे आणि ८ किलोचा आकडा तिच्या पाठराखणीसाठी पुढे उभा केला आहे. वजन ही घरात, गटात आणि दुकानात उजळ माथ्याने सांगता येणारी गोष्ट आहे. "मला माझ्या माहेरच्या बागेतल्या द्राक्षाच्या रंगाची सायकल हवी आहे," हे सांगायला संकोच वाटतो. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. आठ किलोचा आग्रह सैल करा, रंगाचा मुळीच करू नका.

आधी घाटाचा हिशेब करू, कारण तुमच्या साऱ्या बेताचा पाया तोच आहे. तुम्ही, सायकल, पाणी, कपडे आणि किरकोळ अवजारे मिळून एकूण ८० किलो धरू. ४०० मीटर उंची चढायची आहे आणि तुमचे पाय सातत्याने १५० वॅट शक्ती देत आहेत असे समजा. वारा आणि रस्त्याचे घर्षण बाजूला ठेवले, तर केवळ वजन वर उचलायला साधारण ३५ मिनिटे लागतात. सायकल १३ वरून साडेनऊ किलोवर आली तर यातली सुमारे दीड मिनिट वाचते. तिथून पुढे ८ किलोपर्यंत जाण्यासाठी जो दीड किलो कमी करायचा, त्याने आणखी ४० सेकंद वाचतात. पहिल्या साडेतीन किलोंची किंमत तुमच्या अंदाजपत्रकात सहज बसते. शेवटचा दीड किलो मात्र एकटाच पहिल्या साडेतीन किलोंइतका खर्च मागतो, कधी त्याहूनही जास्त. आणि तुमचे पाय १५० ऐवजी १६० वॅट देऊ लागले, जे सहा महिन्यांच्या शिस्तीच्या सरावाने अशक्य नाही, तर त्याच घाटात दोन मिनिटांहून अधिक वाचतात.

पण तुम्ही मागे राहता याचे सर्वांत मोठे कारण मला वजनात दिसत नाही. ते तुमच्याच पत्रात आहे, फक्त तुम्ही ते जाता जाता लिहिले आहे. पुढे ३८ आणि मागे ३२, म्हणजे पायडलच्या एका फेरीला चाक जवळपास १.२ वेळा फिरते. आठ टक्क्यांच्या चढावर १५० वॅटमध्ये तुमचा वेग ताशी सातच्या आसपास राहणार. या वेगाला तुमच्या पायांच्या फेऱ्या मिनिटाला ४५ च्या आसपास पडतात. इतक्या संथ फेऱ्यांत प्रत्येक वेळी मांडीला जोर लावून पायडल खाली दाबावे लागते. गुडघे भरून येतात, माणूस उभा राहून चालवू लागतो आणि घाटाच्या पहिल्या तृतीयांशातच दम संपतो. हाच चढ पुढे ३० आणि मागे ३४ दात्यांवर चढलात, तर त्याच वेगाला फेऱ्या साठीच्या पुढे जातात. तुमच्या पुढे जाणाऱ्या मैत्रिणीची सायकल हलकी असेल, पण तिचा गिअरही हलका आहे का, हे पुढच्या रविवारी तिच्या कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचे, दाते मोजून पाहा. ज्यांना नवी सायकल घ्यायचीच नाही अशा वाचकांनाही हे लागू आहे. बहुतेक हायब्रिड सायकलींना मागचा कॅसेट मोठा बसवून घेता येतो. चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा मागचा डिरेलर तेवढे दाते पेलतो का, एवढे मेकॅनिककडून तपासून घ्यावे. काही हजारांच्या या बदलाने घाट निम्मा सोपा वाटतो.

आता रस्त्यांकडे वळू. ग्रेव्हल बाइक ज्या रस्त्यांसाठी जन्माला आली ते रस्ते आपल्या ओळखीचे आहेत. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एम्पोरिया या गावी २००६ पासून २०० मैलांची कच्च्या रस्त्यांची शर्यत होते. हल्ली ती अनबाउंड ग्रेव्हल या नावाने ओळखली जाते. तिथल्या टेकड्यांवरचे चकमकीचे धारदार दगड टायर चिरतात आणि हलक्या सायकलीवर आलेला जोमदार स्पर्धकही रस्त्याच्या कडेला टायर हातात घेऊन बसलेला दिसतो. आपल्याकडे चकमक नाही, पण बाभूळ आहे. गंगापूर धरणाच्या मागच्या अंगाने गिरणारे, वाघेरा, हरसूलच्या बाजूला जा किंवा दिंडोरीकडे द्राक्षबागांमधल्या पाणंद रस्त्यांनी निघा. वळणावर तोडून टाकलेल्या बाभळीच्या फांद्या असतातच आणि तो काटा पातळ टायरमधून सुईसारखा आत जातो. म्हणून वजन वाचवण्याच्या नादात ३५ मिलिमीटरचे कागदासारखे टायर घेऊ नका. निदान ४० मिलिमीटरचे, मजबूत बाजूंचे, ट्यूबलेस टायर घ्या. प्रत्येक टायरमागे शंभर-दीडशे ग्रॅम जास्त गेले तरी चालेल. तुमच्या वजनाला ३० ते ३५ पीएसआय हवा पुरेल. तेवढ्या हवेत मुरमावर चाक उसळत नाही, पकड टिकते आणि मनगटे दुखत नाहीत. सीलंट, म्हणजे टायरचे भोक आतून बुजवणारा द्रव, प्रत्येक टायरमध्ये ६० ते ८० मिलिलिटर भरा आणि दर दोन-तीन महिन्यांनी तपासा, कारण आपल्या उन्हाळ्यात ते फार लवकर वाळते. एप्रिलमध्ये टायर उघडला, तर आत द्रव न सापडता रबराच्या पापुद्र्यांचा गोळा हाती लागतो. एक सुटी ट्यूब तरीही सोबत ठेवाच.

पावसाळ्याचे गणित वेगळे आहे. निफाड-दिंडोरीकडची काळी माती ओली झाली की टायरला चिकटते, टायर जाड होत जातो आणि शेवटी फ्रेम व चाक यांच्या फटीत अडकून चाक फिरायचेच थांबते. ही फट किती आहे हे फ्रेम निवडताना स्वतः बोटाने पाहा. ४० चा टायर बसवल्यावर दोन्ही बाजूंना निदान सहा-सात मिलिमीटर मोकळी जागा राहायला हवी. हलक्या, शर्यतीकडे झुकणाऱ्या काही फ्रेममध्ये ती मिळत नाही.

तुमच्या तक्त्यात मला एकच मोठी दुरुस्ती सुचवावीशी वाटते. तुम्ही ग्रॅम शोधले आहेत ते हँडल, त्याला धरणारा स्टेम, सीटपोस्ट आणि स्क्रू यांत. या साऱ्यांतून मिळून जेमतेम अडीचशे-तीनशे ग्रॅम निघतील आणि प्रत्येक ग्रॅमची किंमत जबर असेल. चाकांच्या जोडीत मात्र सहज पाचशे ग्रॅम निघतात. तयार सायकलींना येणारी चाके दोन किलोच्या वर असतात आणि चांगली ॲल्युमिनियमची जोडी दीड ते पावणेदोन किलोंत मिळते. माझ्या हिशेबाने, पावणेदोन किलोची ॲल्युमिनियम फ्रेम, पुढचे चाक धरणारा अर्ध्या किलोचा कार्बन फोर्क, १.७ किलोची चाके, टायर आणि सीलंट मिळून एक किलोच्या थोडे वर, हायड्रॉलिक ब्रेकसह पावणेतीन किलोंचा ग्रुपसेट (गिअर आणि ब्रेकचा सारा संच), आणि हँडल, सीट, पायडल वगैरे मिळून दीड किलो, अशी बेरीज साडेनऊ किलोंच्या आत राहते. या सायकलीचा एकही भाग तुम्हाला रस्त्यात धोका देणार नाही. व्यावसायिक रोड शर्यतींत सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी नसावी असा आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियम आहे. तिथे रुंद टायर नाहीत, मुरूम नाही आणि मागे सुट्या सायकली घेऊन येणारी मोटार आहे. तुमच्या मागे पहिन्याच्या रस्त्यावर कोणतीही मोटार येणार नाही, हे ८ चा आकडा लिहिताना लक्षात ठेवावे.

ग्रुपसेटबद्दल थोडक्यात. शिमानोचा जीआरएक्स हा संच २०१९ पासून खास ग्रेव्हलसाठी मिळतो. त्यात पुढे, पायडलजवळ, एकच चेनरिंग (दातेरी चकती) असलेला आणि दोन चेनरिंग असलेला असे दोन्ही पर्याय आहेत. एका चेनरिंगचा संच हलका आणि देखभालीला सोपा असतो, म्हणून तुमच्या तक्त्यात तो आला आहे. तुमच्यासाठी मी दोन चेनरिंग सुचवीन, ४६ आणि ३० दात्यांच्या. दोनेकशे ग्रॅम वाढतील, पण गडाच्या घाटाचा ३०-३४ हा गिअर मिळेल आणि त्र्यंबक रोडने परतताना पाय रिकामे फिरणार नाहीत.

आता ती कार्बन फ्रेम. इथे मी जरा कडक बोलणार आहे, कारण प्रश्न सुरक्षिततेचा आहे. ती घेऊ नका. ॲल्युमिनियम किंवा स्टीलला मार बसला, तर बहुधा पोचा किंवा वाक दिसतो. कार्बनचे थर मात्र आतून एकमेकांपासून सुटतात आणि वरून फक्त एक ओरखडा राहतो. बॉटम ब्रॅकेटजवळची जागा तर पायांचा सारा जोर झेलणारी. तिथला ओरखडा चेन घसरून पडला, की सायकल दगडावर आपटून, हे विकणाऱ्या गृहस्थांनाही कदाचित ठाऊक नसेल. "रंग मारला की दिसणार नाही" हे वाक्य त्यांनी दिलासा म्हणून उच्चारले असेल, पण माझ्या दृष्टीने तोच सर्वांत मोठा इशारा आहे. तडा दिसत राहणे हेच आपले संरक्षण असते. त्यात बिल नाही, म्हणजे फ्रेमवरचा क्रमांक कोणाच्या नावावर आहे हे कळायला मार्ग नाही. जुनी कार्बन फ्रेम घेऊच नये असे मी म्हणत नाही. मूळ बिल असावे, सगळे भाग उतरवून उजेडात आतून-बाहेरून पाहता यावे, नाण्याने हलके टिचकावल्यावर सर्वत्र एकसारखा टणक आवाज यावा, कुठेही बद्द आवाज येऊ नये, आणि तरीही शंका उरली तर कार्बन दुरुस्ती करणाऱ्या जाणकाराला दाखवावी. या अटींवर जुनी फ्रेम घ्यायला हरकत नाही. तुमच्यासमोरची फ्रेम पहिल्याच अटीला अडते.

तयार घ्यावी की जुळवावी, या प्रश्नाचे उत्तर पैशांत शोधले तर तयार सायकल जिंकते. कारखाने भाग घाऊक भावात घेतात. तेच भाग तुम्ही सुटे घेतलेत की बेरीज वाढते. शिवाय तुमच्या तक्त्यात नसलेल्या गोष्टी असतात: हेडसेट, केबल, ब्रेकचे तेल, ट्यूबलेसची टेप आणि व्हॉल्व्ह, टॉर्क रेंच, एखादा चुकीच्या मापाचा आलेला आणि परत न जाणारा भाग. जुळवायचीच असेल तर २० हजार रुपये यांच्यासाठी बाजूला ठेवा आणि बाकीच्या दोन लाखांतच तक्ता बसवा. मापे आधी एका कागदावर लिहून ठेवा: पुढचा ॲक्सल १२ बाय १०० मिलिमीटर, मागचा १२ बाय १४२, ब्रेक फ्लॅट माउंट (फ्रेमवर थेट सपाट बसणारा), आणि बॉटम ब्रॅकेट शक्यतो आट्यांचा. दाबून बसवायच्या प्रकारात धूळ शिरली की कुरकुर सुरू होते आणि आपल्याकडे धुळीला तोटा नाही.

तरीही तुम्ही जुळवावी, असेच मला वाटते. पत्रात तुम्ही लिहिले आहे, की सहा वर्षांत सायकलीला कधी स्वतः पाना लावला नाही आणि त्याची बोच वाटते. जुळवलेली सायकल माणसाला कळते. हरसूलच्या पलीकडे, जिथे सायकलीचे दुकान नाही, तिथे चेन तुटली तर जी बाई स्वतःच्या हाताने ती चेन कधी तरी जोडून बसली आहे ती घाबरत नाही. दोन कामे मात्र स्वतः एकटीने करू नका. कार्बन फोर्कचा दांडा मापात कापणे आणि ब्रेकमधली हवा काढणे, ही जाणत्या मेकॅनिकच्या शेजारी उभे राहून, बघत आणि विचारत करून घ्या. दांडा एकदा आखूड कापला गेला की फोर्क वाया जातो. म्हणून पहिल्यांदा तो दोन सेंटिमीटर जास्तच ठेवून वर स्पेसर (जागा भरणाऱ्या कड्या) भरावेत आणि महिनाभर चालवून मग अंतिम माप घ्यावे. हँडल आणि स्टेमचे बोल्ट त्यांच्यावर छापलेल्या टॉर्कनेच, म्हणजे पिळाच्या जोरानेच, आवळा. तो सहसा पाच न्यूटन-मीटरच्या आसपास असतो.

त्याआधी फ्रेमचे माप. उंचीवरून एस किंवा एम ठरवणारे तक्ते अंदाजापुरते ठीक आहेत. खरे आकडे दोन, स्टॅक आणि रीच, म्हणजे बॉटम ब्रॅकेटपासून हँडलच्या मुळाची उंची आणि पुढचे अंतर. स्त्रियांना दुकानात बरेचदा जरा मोठीच फ्रेम दिली जाते. मग हात ताणले जातात, मान आणि खांदे दुखतात आणि दोष सरावाच्या अभावावर जातो. नाशिकमध्ये अनुभवी माणसांची वाण नाही. याच शहरातल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका ओलांडणारी 'रॅम' शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली. नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी जाते, तीत दरवर्षी शेकडो माणसे असतात. तुमच्या उंचीच्या एखाद्या सायकलस्वाराकडून त्याची ग्रेव्हल बाइक एका रविवारी मागून घ्या, मुरमावर ३० किलोमीटर चालवा आणि तिचा स्टॅक-रीच लिहून घ्या. दोन लाखांच्या खरेदीआधी एवढे मागायला कोणी नाही म्हणत नाही.

यजमानांच्या स्कूटरबद्दल एवढेच. त्यांच्यापुढे ग्रॅमचा तक्ता ठेवून वाद जिंकता येणार नाही, कारण स्कूटरला वजनाची तुलनाच लागू नाही. ते बहुधा एवढेच विचारत आहेत, की हे पैसे कशासाठी आहेत. त्यांना खरे कारण सांगा, रंगासकट. एकदा पहाटे त्यांना कालव्याच्या रस्त्यावर सोबत न्या, भाड्याच्या सायकलीवर का होईना.

आणि आता रंग. तुमचा बेत असा आहे, की फ्रेम आली की आधी रंगवायची आणि मग जुळवायची. माझा आग्रह उलट क्रमाचा आहे. फ्रेम कंपनीच्या रंगात घ्या, जुळवा, एक हिवाळा, एक उन्हाळा आणि एक पावसाळा चालवा, आणि पुढच्या दिवाळीनंतर उतरवून रंगवा. याची कारणे आहेत. फ्रेमचा मूळ रंग काढला की बहुतेक कंपन्यांची वॉरंटी संपते. कारखान्याचा दोष असेल तर तो पहिल्या वर्षात चालवताना कळावा आणि तेव्हा वॉरंटी शाबूत असावी. दुसरे, माप चुकले आहे असे सहा महिन्यांनी लक्षात आले, तर कंपनीच्या रंगातली फ्रेम विकली जाते. द्राक्षाच्या रंगातली फ्रेम घेणारा भेटणे अवघड आणि तुम्हालाही ती विकवणार नाही. तिसरे, एका वर्षात सायकलच तुम्हाला दाखवते की ती कुठे घासते: बॅगेचा पट्टा कुठे येतो, टाच कुठे लागते, पुढच्या चाकाने उडवलेली खडी खालच्या नळीवर नेमकी कुठे आदळते. रंगवल्यावर त्या जागांवर पारदर्शक फिल्म लावता येते. आणि वर्षभराने सायकल पूर्ण उतरवून पुन्हा जुळवताना तुमचे हात आपोआप शिकलेले असतील.

दिवाळीनंतर असे मी मुद्दाम म्हणतो. काही वर्षांपूर्वी मी माझी स्टीलची फ्रेम ऐन श्रावणात रंगवायला दिली होती. रंग सुरेख बसला, पण वरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, दुसऱ्या दिवशी पाहिला तर दुधावर पाणी सांडल्यासारखा पांढुरका झाला होता. हवेतला ओलावा त्यात अडकला होता. कारागिराचा हात चांगला होता, घाई माझी होती. सगळे घासून नोव्हेंबरमध्ये पुन्हा करावे लागले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ही आपल्याकडची कोरडी हवा रंगकामासाठी सोन्यासारखी आहे.

अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत पावडर कोटिंगची कामे करणारे अनेक आहेत आणि तुम्हाला तोच मार्ग कोणीतरी सुचवील, कारण तो स्वस्त आणि टणक असतो. पावडर साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत पक्की होते. स्टील आणि ॲल्युमिनियमची फ्रेम हे सोसते. कार्बनला मात्र त्या भट्टीच्या जवळपासही नेऊ नये, कारण त्याचे थर बांधणारे रेझिन त्या उष्णतेत मऊ पडते. तुमचा फोर्क कार्बनचा असणार. म्हणजे फ्रेमला पावडर आणि फोर्कला फवाऱ्याचा रंग असे केले, तर दोन जांभळे कधीही जुळणार नाहीत आणि उन्हात फरक डोळ्यांत खुपेल. म्हणून दोन्ही फवाऱ्याच्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगानेच करा. चांगले काम करणारा मोटारींचा पेंटर हे करू शकतो. त्याला मात्र तीन गोष्टी बजावून सांगा. जुना रंग काढायला ॲल्युमिनियमवर जाड वाळूचा मारा नको, नळ्या पातळ असतात. कार्बनवर रंग विरघळवणारे रसायन तर अजिबात नको, फक्त बारीक पॉलिश पेपरने हाताने घासायचे आणि धागा दिसण्याआधी थांबायचे. दुसरे, उघड्या ॲल्युमिनियमवर इपॉक्सी किंवा एचिंग प्रायमर हवाच, नाहीतर रंग वर्षभरात पापुद्र्यांनी सुटतो. तिसरे, बॉटम ब्रॅकेटचे आटे, हेडसेटच्या बैठका, सीटच्या नळीची आतली बाजू, ॲक्सलच्या जागा आणि ब्रेक बसतात ते सपाट भाग टेपने पूर्ण झाकायचे. ब्रेकच्या बैठकीवर रंगाचा थर चढला तर कॅलिपर तिरका बसतो आणि डिस्क घासत राहते. फ्रेमचा क्रमांक बुजू देऊ नका, आधी त्याचा फोटो काढून ठेवा.

रंगालाही वजन असते, हे तुमच्या तक्त्यात राहून गेले आहे. फ्रेम आणि फोर्क मिळून शंभर-सव्वाशे ग्रॅम सहज होतात आणि थरांवर थर दिले तर आणखी वाढतात. ते तक्त्यात खुशाल लिहा. या सायकलीवरचे सर्वांत सार्थ शंभर ग्रॅम तेच असतील.

आता ती धुरकट साय. शरद सीडलेस या काळ्या द्राक्षाचा घड झाडावर असतो तेव्हा मणी काळा दिसत नाही, राखेने माखल्यासारखा निळसर दिसतो. बोट फिरवले की तेवढ्या रेघेत आतला गर्द जांभळा चमकतो. हा परिणाम मेटॅलिक रंगाने साधणार नाही. पेंटरला काळ्याकडे झुकणारा साधा गर्द जांभळा बेस द्यायला सांगा आणि वर चकचकीत नको, मॅट क्लिअर. मॅट थर उजेड विखुरतो आणि त्यातूनच ती साय दिसू लागते. मात्र मॅट रंग पॉलिश करता येत नाही. ओरखडा घासायला गेलात तर तेवढीच जागा चमकू लागते, अगदी बोट फिरवलेल्या द्राक्षासारखी, पण ती पुन्हा धुरकट होत नाही. तेलकट हाताचे डागही त्यावर धरतात. मला विचाराल तर खालची नळी आणि मागचे दोन दांडे, जिथे खडी आणि चेनचे तेल लागणार, तिथे चकचकीत क्लिअर घ्या आणि बाकी फ्रेम मॅट ठेवा. दोन्हींची सांधेजोड नळीच्या जोडावर येऊ दे.

डबीवरच्या नमुन्यावरून रंग ठरवू नका. एखाद्या जुन्या मडगार्डवर पेंटरकडून पूर्ण थर, प्रायमरपासून मॅट क्लिअरपर्यंत, मारून घ्या आणि तो तुकडा फेब्रुवारीत माहेरी बागेत न्या. सकाळी आठच्या उन्हात घडाशेजारी धरून पाहा, मग दुपारी एकला पुन्हा पाहा. वडील किंवा भाऊ शेजारी असतील तर त्यांनाही विचारा, त्यांच्या नजरेला त्या सायीच्या छटा आपल्यापेक्षा जास्त कळतात. काम झाल्यावर दोन-तीन आठवडे फ्रेमवर कुठलाही क्लॅम्प आवळू नका, क्लिअर आतून पक्का व्हायला वेळ लागतो. आणि पेंटरकडून उरलेला बेस रंग मागून घ्या. स्वच्छ धुऊन वाळवलेल्या नेलपॉलिशच्या बाटलीत तो बरेच दिवस टिकतो आणि तिच्या झाकणातला कुंचला खडीच्या टवक्याएवढ्या जागेला अगदी मापाचा असतो. बाटलीवर रंगाचा क्रमांक आणि तारीख लिहून ती अवजारांच्या पिशवीत ठेवा.